आई-बाबांना घेऊन फॉल क्रूझ: आधी बंदरं बघा, मग जहाज

आई किंवा बाबा अमेरिकेत मुक्कामाला आले आणि सप्टेंबर जवळ आला, की हा प्रश्न हमखास येतो: "त्यांना न्यू इंग्लंड-कॅनडाच्या फॉल क्रूझवर न्यावं का? सत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, बोट लागेल का, थंडी सोसेल का?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. फॉल क्रूझ म्हणजे शरदात झाडांची पानं रंगतात त्या दिवसांत अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरून (न्यू इंग्लंड) कॅनडाकडे जाणारी जहाजाची सहल. न्या, जरूर न्या. पण जहाज किती मोठं, त्यावर किती रेस्टॉरंट्स आहेत, हे नंतर बघा. आधी बंदरांची यादी हातात घ्या. वयस्क माणसाला या प्रवासात समुद्राचा त्रास कमी होतो, जहाजातून उतरण्या-चढण्याचा जास्त.

बोस्टन किंवा न्यूयॉर्कहून निघणारी जहाजं साधारण ७ ते १० रात्रींत अमेरिकेतल्या मेन राज्याचा किनारा, मग कॅनडातली सेंट जॉन, हॅलिफॅक्स, सिडनी, शार्लटटाउन असं करत जातात. काही तिथूनच परततात, काही सेंट लॉरेन्स नदीतून क्वेबेक सिटीपर्यंत जाऊन तिथे प्रवास संपवतात. यातली काही बंदरं अशी आहेत, की जहाज थेट धक्क्याला लागतं आणि तुम्ही गँगवेवरून (जहाज आणि धक्का जोडणाऱ्या पुलावरून) चालत उतरता. काही ठिकाणी जहाज खोल पाण्यात नांगर टाकतं आणि प्रवाशांना छोट्या टेंडर बोटीने किनाऱ्यावर नेतात. अमेरिकेतली न्यूपोर्ट आणि बार हार्बर ही टेंडरची बंदरं. मेनमधलं पोर्टलंड, सेंट जॉन, हॅलिफॅक्स, सिडनी, शार्लटटाउन आणि क्वेबेक सिटी इथे एरवी धक्का मिळतो.

टेंडरमध्ये चढताना जहाज आणि बोट दोन्ही हलत असतात. मधली फट लहान असते, पण लाटेबरोबर बोट वर-खाली होते आणि नेमक्या क्षणी पाऊल टाकावं लागतं. दोन खलाशी दोन्ही दंड धरतात. मात्र ते कुणाला उचलून घेत नाहीत, आणि स्वतः दोन-तीन पायऱ्या चढता येत नसतील तर बोटीत घ्यायला नकार देऊ शकतात. विजेवर चालणारी स्कूटर बहुतेक वेळा टेंडरवर नेता येत नाही. लाटा वाढल्या की कॅप्टन ते बंदरच रद्द करतो. म्हणून आई काठी घेऊन चालत असतील, तर सगळ्या बंदरांत मिळून टेंडरचं एकच असेल असा कार्यक्रम निवडा. बार हार्बरबद्दल आणखी एक गोष्ट: तिथल्या मतदारांनी २०२२ साली दिवसाला १,००० च क्रूझ प्रवासी उतरू द्यायचे असा नियम मंजूर केला. त्यामुळे छापील कार्यक्रमात नाव असलं तरी बदलाची तयारी ठेवा. त्याऐवजी पोर्टलंड आलं तर हिरमुसू नका, गुडघ्यांच्या दृष्टीने ते बरंच.

धक्का आहे म्हणजे सगळं सोपं, असंही नाही. सेंट जॉन हे बे ऑफ फंडीवरचं बंदर. जगातली सर्वांत मोठी भरती-ओहोटी याच उपसागरात होते, आणि सेंट जॉनला पाण्याची पातळी साधारण सहा तासांत आठ मीटरच्या आसपास बदलते. जहाज पाण्याबरोबर वर-खाली होतं, धक्का जागेवरच राहतो. सकाळी जवळजवळ सपाट असलेला गँगवे दुपारी चांगलाच उभा झालेला असतो, कधी तो दुसऱ्याच डेकला जोडलेला सापडतो. कॅनडाचं सरकारी भरतीचं वेळापत्रक इंटरनेटवर मोफत मिळतं. आदल्या रात्री ते बघा आणि परतायची वेळ शक्यतो चढ कमी असताना धरा. चढताना तुम्ही मागे, उतरताना पुढे राहा. तिथला प्रसिद्ध रिव्हर्सिंग फॉल्सही याच भरतीचा खेळ: ओहोटीला नदी समुद्राकडे उसळत जाते, भरतीला समुद्र नदीला मागे ढकलतो. दोन्ही रूपं बघायची तर दोन फेऱ्या कराव्या लागतात. आई-बाबांना एकच दाखवा आणि टॅक्सीने परत या.

हॅलिफॅक्स मात्र वयस्क मंडळींसाठी या मार्गावरचं सर्वांत चांगलं बंदर आहे, हे माझं ठाम मत. जहाजातून उतरलात की शेजारीच पिअर २१ चं संग्रहालय. १९२८ ते १९७१ या काळात जवळजवळ दहा लाख स्थलांतरित इथून कॅनडात आले. ज्यांची मुलं परदेशात स्थिरावली आहेत, असे आई-बाबा तिथे तासन्तास रमतात. बाहेर पाण्याच्या कडेने काही किलोमीटर सपाट फिरायची वाट आहे, बसायला बाकं आहेत. टायटॅनिकच्या १२१ मृतांचं फेअरव्ह्यू लॉन दफनस्थान गाडीने गाठता येतं. पेगीज कोव्हचं दीपगृह मात्र ४० किलोमीटरहून थोडं जास्त दूर आहे, म्हणजे जाऊन-येऊन अर्धा दिवस. तिथल्या ओल्या काळ्या खडकांवरून लाटांनी माणसं ओढून नेली आहेत, तेव्हा आई-बाबांना २०२१ मध्ये बांधलेल्या सज्जावरूनच समुद्र दाखवा.

सिडनी आणि शार्लटटाउनला धक्क्यापासून चालत जाण्याइतकं गाव पुरे. क्वेबेक सिटीचं गणित वेगळं: धक्का खालच्या गावात, राजवाड्यासारखं शातो फ्राँतनॅक हॉटेल वरच्या गावात, आणि मध्ये दगडी फरशांचे चढ. १८७९ पासूनची फ्युनिक्युलर (दोरखंडाने चढावर ओढली जाणारी गाडी) तिथे वर नेते. चालणं अगदीच जमत नसेल तर टॅक्सीने थेट वर जा, द्युफरँ टेरेसच्या सपाट लाकडी फळ्यांवरून नदी बघा आणि टॅक्सीनेच उतरा.

आता कागदपत्रं, कारण सहल इथेच मोडते. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतोच. "आम्ही जहाजातून उतरणारच नाही" हे कारण चालत नाही. व्हिसा नसेल तर बोस्टनच्या धक्क्यावरच चढू देत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत. अर्जाची फी १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५. आई-बाबा भारतात असतानाच अर्ज करणं उत्तम. ते अमेरिकेत आल्यावरही करता येतो, पण पासपोर्ट पाठवण्या-मागवण्यात आठवडे जातात. अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, आणि आय-९४ वरची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवरची) मुक्कामाची मुदत परतीच्या तारखेनंतरची आहे ना, हे बुकिंगच्या आधी तपासा. कॅनडाला आठवडाभर जाऊन आलं की अमेरिकेत नवे सहा महिने मिळतात, हा समज धरून चालू नका. साधारणपणे जुनीच मुदत पुढे चालते. परतल्यावर ऑनलाइन आय-९४ उघडून तारीख वाचा.

आणि स्वतःचं विसरू नका. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मुला-मुलीलाही भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर व्हिसा लागत नाही, पण वैध पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही जवळ हवीत. एकमार्गी प्रवासात क्वेबेकहून विमान, पुन्हा इमिग्रेशनची रांग, विमानतळावरची चाल हे सगळं वाढतं. क्वेबेक बघण्याची ओढ नसेल, तर जिथून निघालो तिथेच परतणारी क्रूझ घ्या.

कधी जावं? पानांचे रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतात. क्वेबेकच्या आसपास सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, मेनच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या मध्याला, बोस्टनला त्याहून थोडं पुढे. समुद्राची ऊब किनाऱ्यावरच्या झाडांना उशिरा रंगू देते, म्हणून डोंगरातले फोटो बघून किनाऱ्याची तारीख ठरवू नये. जहाजाच्या डेकवरून जंगलं पेटल्यासारखी दिसतील ही अपेक्षा असेल, तर एवढं सांगतो: बहुतेक वेळ तुम्ही खुल्या समुद्रात असता. डेकवरून खरे रंग दिसतात ते सेंट लॉरेन्स नदीत आणि सॅग्वेनेच्या फ्योर्डमध्ये (उंच कड्यांमधल्या अरुंद खाडीत). बाकी ठिकाणी रंग बघायला गाडीनेच आत जावं लागतं. सप्टेंबर हा अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा भरही असतो. २०२२ साली २४ सप्टेंबरला फिओना वादळ हॅलिफॅक्सच्या नोव्हा स्कोशिया प्रांतावर आदळलं होतं. असं काही आलं की जहाज वाट बदलतं आणि बंदरं गळतात. करारात कंपनीला तो अधिकार असतो, तुम्हाला फार तर त्या बंदराची फी परत मिळते. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा मला थंडी, रंग आणि वादळ या तिन्हींच्या मध्यावरचा वाटतो. तेव्हाही क्वेबेकला दिवसा १० ते १२ अंश आणि डेकवर बोचरा वारा असतो. कानटोपी, मफलर, हातमोजे (लोखंडी कठडा गारठलेला असतो), आणि मागून बंद, रबरी तळाचे बूट. चपला-सँडल खोलीतच. छत्री वाऱ्यात टिकत नाही, टोपीचा रेनकोट घ्या.

खोली घेताना दोन गोष्टी बघा: जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर. हेलकावे तिथे सर्वांत कमी जाणवतात. जहाजाचे स्टॅबिलायझर डावी-उजवीकडचं डोलणं आवरतात, पुढचं टोक लाटेवर चढतं-उतरतं ते नाही. त्यामुळे पुढच्या टोकाची खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. खोली लिफ्टपासून जवळ हवी, पण लिफ्टला लागून नको, आवाज होतो. साध्या खोलीत बाथरूमच्या दाराशी उंबरा असतो आणि रात्री अंधारात तिथेच ठेच लागते. रात्रीचा छोटा दिवा घरून न्या. व्हीलचेअर किंवा वॉकर असेल तर ॲक्सेसिबल खोलीच मागा, तिला उंबरा नसतो आणि दार रुंद असतं. अशा खोल्या मोजक्याच असल्यामुळे आधी संपतात. आणखी एक: जहाजावरच्या व्हीलचेअर एरवी चढण्या-उतरण्यापुरत्या असतात. आठवडाभर हवी असेल तर स्वतःची न्या किंवा भाड्याने घेऊन खोलीवर मागवा.

बोट लागण्यावरची औषधं वयस्कांना जपून द्यावी लागतात. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी तरुणांना चालते, पण सत्तरीनंतर तिने गोंधळल्यासारखं होणं, लघवी अडणं असे त्रास होऊ शकतात. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर मेक्लिझिनसारख्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना आधी विचारा. आधी साधे उपाय: पोट रिकामं न ठेवणं, कोरडं बिस्किट, आलं, आणि डेकवर येऊन क्षितिजाकडे बघणं.

रोजची औषधं मुक्कामाच्या दिवसांच्या दुप्पट घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा. धक्क्यावर दिलेल्या बॅगा खोलीत संध्याकाळपर्यंत येतात, आणि दुपारची गोळी नेमकी त्यात असते. भारतातल्या ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत, म्हणून औषधांची मूळ नावं आणि मात्रा लिहिलेला कागद पासपोर्टमध्ये ठेवा. इन्शुलिनसाठी खोलीतल्या छोट्या फ्रिजवर विसंबू नका, तो बऱ्याचदा पुरेसा थंड नसतो. वैद्यकीय फ्रिज आणि सुयांचा डबा आधी कळवून मागता येतो. जहाजावरचं जेवण खारट असतं. रक्तदाबाच्या रुग्णांनी सूप आणि लोणच्यांवर हात आखडता घ्यावा.

विम्याकडे बारकाईने बघा. आई-बाबांसाठी घेतलेला अमेरिकेतला व्हिजिटर विमा कॅनडात आणि जहाजावर चालतो का, हे लेखी विचारून घ्या. जहाजावरचा दवाखाना बिल थेट तुमच्या खात्यावर टाकतो, विम्याचे पैसे नंतर तुम्ही मागायचे. हेलिकॉप्टरने रुग्णालयात हलवावं लागलं तर खर्च फार मोठा होतो, त्यामुळे वैद्यकीय स्थलांतराचं कलम पॉलिसीत हवंच.

शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवा. पहिल्या रात्री मुख्य वेटरला भेटलात, तर दुसऱ्या दिवसापासून ऑर्डरप्रमाणे वरण-भात, भाजी, रोटी बहुतेक मोठ्या जहाजांवर मिळते, आदल्या रात्री सांगण्याचीच अट असते. खोलीत इलेक्ट्रिक किटली न्यायला बहुतेक कंपन्या मनाई करतात, पण बुफेवर गरम पाणी मिळतं. थर्मास आणि चहा मसाला जवळ ठेवा. सीलबंद चिवडा, खाकरा, बाकरवडी जहाजावर चालते. फळं किंवा बुफेतलं काही पिशवीत घालून बंदरावर मात्र नेऊ नका, तिथे तपासणी असते आणि दंड होतो. जेवणाआधी हात साबणानेच धुवा. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही.

घड्याळाचं एक. हॅलिफॅक्स, सिडनी, शार्लटटाउन, सेंट जॉन बोस्टनच्या एक तास पुढे, क्वेबेक सिटी पुन्हा बोस्टनच्याच वेळेवर. मोबाइल आपोआप बदलतो, जहाजाची वेळ बदलेलच असं नाही. परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाने धरतात, म्हणून आई-बाबांच्या हाताला जहाजाच्या वेळेवर लावलेलं साधं घड्याळ बांधा.

निघण्याआधी सुरक्षेची कवायत सर्वांना बंधनकारक असते. तेव्हाच कर्मचाऱ्यांना सांगा, की आपत्तीत यांना पायऱ्या उतरायला मदत लागेल. लिफ्ट तेव्हा बंद असतात. आणि शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या सकाळी थेट धक्क्यावरच भेटतात. त्यात पासपोर्ट, सकाळच्या गोळ्या, कवळीची डबी, चष्मा आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे-बूट गेलेले नाहीत ना, हे बॅग बाहेर ठेवण्यापूर्वी आईसमोर बसून एकदा तपासा.