आमची वाटचाल : 'कॉमन' नावाचा माळा

सुरुवातीला आम्ही दोघेच होतो. बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर लिहायचं, ग्राहकाकडे बसवायचं, चाललं की पुढचं काम. स्क्रीनच्या फाइली एकीकडे, डेटाबेसच्या दुसरीकडे आणि कुठेच न बसणाऱ्या 'कॉमन' नावाच्या फोल्डरमध्ये. घरातला माळा भरत जातो तसा तो भरत गेला. मग 'कॉमन२' आला. 'कॉमन_नवीन'सुद्धा आला, आणि तो माझाच!

नव्याने रुजू झालेल्या मुलीने एकदा विचारलं, "सर, बिलावरची सवलत आपण कुठे मोजतो?" उत्तर द्यायला तीन फोल्डरमधल्या सात फाइली उघडाव्या लागल्या. त्यातली एक मीही पहिल्यांदाच पाहत होतो.

तेव्हा ठरवलं, फोल्डर कामावरून करायचे. बिल, स्टॉक, येणी. सवलतीची स्क्रीन, तिचा हिशेब, तिच्या टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्रॅम), सगळं बिलाच्या पोटात.

पहिला प्रयत्न पार फसला, आणि तो माझ्यामुळेच. फाइली हलवता हलवता मी आतला कोडही सुधारत बसलो. कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं गिट फाइल हलवल्याची वेगळी नोंद ठेवत नाही. जुन्या आणि नव्या मजकुरात निदान ५० टक्के साम्य दिसलं, तरच ती फाइल हलली असं धरतं. माझ्या डागडुजीनंतर कित्येक फाइली त्याला नव्याकोऱ्या वाटल्या. एखादी विचित्र अट कोणी, कशासाठी घातली होती, हे शोधायला गेलं की इतिहास माझ्याच कमिटपाशी, म्हणजे गिटमध्ये मी नोंदवलेल्या बदलापाशी, संपायचा. शिवाय दोघांच्या ब्रँच, म्हणजे कामासाठी घेतलेल्या कोडच्या वेगळ्या शाखा, अर्धवट होत्या. त्या मर्ज करताना, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळताना, त्यांनी मला मनात काय म्हटलं असेल ते असो. सगळं मागे घेतलं.

दुसऱ्यांदा आधी सगळ्या ब्रँच मर्ज करून घेतल्या. एका कमिटमध्ये एकच फोल्डर, त्यात फक्त हलवाहलव आणि इम्पोर्टचे (एका फाइलने दुसरी बोलावण्याच्या ओळींचे) बदललेले पाथ. तेवढ्या चार ओळींनी साम्य बिघडत नाही.

तरी सर्व्हरवर गाडी अडलीच. एका फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर मी स्मॉल केलं, इम्पोर्टमध्ये ते कॅपिटलच राहिलं. आमच्या विंडोजला दोन्ही सारखीच, सर्व्हरवरच्या लिनक्सला ती दोन वेगळी नावं. इथे सगळ्या टेस्ट हिरव्या, तिथे 'फाइल सापडत नाही'. हे कळायला अख्खी दुपार गेली. आता टेस्ट लिनक्सवरही चालतात.

'कॉमन' अजून आहे. त्यात तारखा आणि अक्षरी रकमा, बस्स. मध्यंतरी घाईत मी तिथे एक फाइल टाकली होती. रिव्ह्यूमध्ये त्याच मुलीने ती परत पाठवली, "सर, ही येणीमध्ये."