घरातल्या घरात

नेट गेलं की घरात पहिली आरोळी उठते ती “वायफाय गेलं!” अशी. वायफाय कुठेही गेलेलं नसतं. राउटरवरचा त्याचा दिवा सुखाने लुकलुकत असतो, फोनच्या कोपऱ्यातल्या कमानी पूर्ण भरलेल्या असतात. गेलेली असते ती राउटरपासून बाहेर जाणारी वाट. पण हे समजावून सांगायला लागलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो पाहून मी हल्ली गप्प बसतो. “ते असू दे, कधी येणार ते सांग,” एवढंच त्याला हवं असतं.

मला मात्र या फरकाचं भारी अप्रूप आहे. नेट नसतानाही घरातली यंत्रं एकमेकांशी बोलू शकतात. लॅपटॉपवरून प्रिंटरला कागद धाडता येतो, संगणकावर साठवलेला सिनेमा टीव्हीवर लागतो, फोन रिमोटचं काम करतो. हे सगळं घरातल्या घरात. बाहेरच्या जगाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. मुळात एका छपराखालचे संगणक जोडण्याची धडपड झाली तीही याचसाठी. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची, म्हणजे केबलने संगणक एकमेकांना जोडायच्या रीतीची, कल्पना मांडली, तेव्हा डोळ्यांसमोर होते ते एकाच इमारतीतले संगणक आणि त्यांनी मिळून वापरायचा एक लेझर प्रिंटर. पन्नास वर्षं उलटून गेली. नेटवर्कवरचं सगळ्यात हेकट यंत्र अजूनही प्रिंटरच आहे.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची एक यादी असते. ती कधीतरी सवडीने वाचावी. घरातली माणसं मोजायला एका हाताची बोटं पुरतात. यादी मात्र पान खाली सरकवल्याशिवाय संपत नाही. फोन, लॅपटॉप, टीव्ही, टीव्हीला लावलेली, नेटवरचे सिनेमे दाखवणारी काडी, स्पीकर, प्रिंटर, दाराजवळचा कॅमेरा, एक-दोन स्मार्ट प्लग, आणि ‘कुणीतरी देऊन टाकायला हवा’ असा प्रत्येकाला वाटणारा पण अजून जोडलेलाच असलेला जुना टॅबलेट. प्रत्येकापुढे एकेक आकडा, म्हणजे त्याचा नेटवर्कवरचा पत्ता, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते जगाला पुरणार नाहीत हे दिसू लागलं, तेव्हा १९९६ च्या एका दस्तऐवजाने काही आकडे खासगी वापरासाठी राखून ठेवले. ते कुणीही आपापल्या भिंतींच्या आत वापरावेत, बाहेर त्यांना किंमत नाही. म्हणून १९२.१६८.१.१ हा पत्ता असंख्य घरांत एकाच वेळी नांदतो आणि कुणाचं कुणाशी भांडण होत नाही. बाहेर जाताना राउटर आतला आकडा उतरवून आपला एकच आकडा चढवतो, उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतो. त्याचा हिशेब सहसा चुकत नाही.

यादीतली काही नावं वाचताच ओळख पटते. काहींनी मात्र धडकी भरते. कधी न ऐकलेल्या कंपनीचं कुणीतरी आपल्या घरात बसलेलं दिसतं. हा कोण शिरला? प्रत्येक यंत्राला कारखान्यातून बारा अक्षरी-आकडी ओळख मिळते आणि तिचा पहिला अर्धा भाग ती कुणाच्या नावे नोंदलेली आहे ते सांगतो. ते नाव पुष्कळदा खोक्यावर छापलेल्या कंपनीचं नसून आतली वायफायची चिप बनवणाऱ्याचं असतं. मग शोध घ्यायचा एकच खात्रीचा मार्ग उरतो: एकेक प्लग उपसत जायचं आणि यादीतलं कुठलं नाव पुसट होतं ते बघायचं. तो भामटा निघतो पलंगामागच्या दिव्याचा प्लग. फोनांनी तर हा खेळ आणखी अवघड केलाय. अँड्रॉइडने २०१९ पासून आणि आयफोनने २०२० पासून प्रत्येक वायफायला वेगळी, बनावट ओळख सांगायची सोय अंगभूत करून टाकली. बाहेर कुणी माग काढू नये म्हणून ते योग्यच आहे. पण घरच्या फोनने घरच्याच राउटरला खोटं नाव सांगावं, याची गंमत वाटते खरी.

वायफायचं कौतुक सगळ्यांना असतं, केबलचं कुणालाच नसतं. माझा कल उघडपणे केबलकडे आहे. जे यंत्र जागचं हलत नाही त्याला वायर लावावी, हे मी जमेल त्याला सांगत असतो. टीव्ही काही फिरायला जात नाही. नेटवर्कची केबल सोलून पाहिलीत तर आत आठ तारा निघतात, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी आपापल्या घट्टपणाने पिळलेली. हा पीळ दिखाव्यापुरता नाही. त्यामुळे शेजारच्या जोडीतला गोंगाट इकडे फारसा शिरत नाही. टोकाला प्लॅस्टिकचं कनेक्टर बसवताना पीळ सोडवून तारा ओळीत लावायच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी का घुसली, तर टेलिफोनच्या जुन्या सॉकेटात मधली जोडी फोनची असे, म्हणून. बोटांत धरलेल्या तारा शेवटच्या क्षणी जागा बदलतात, कनेक्टर दाबून बसवणाऱ्या पकडीचा, क्रिंपरचा, कट्ट आवाज होतो आणि मग आत पाहावं तर हिरवी आणि निळी यांनी अदलाबदल केलेली. कनेक्टर कापून टाका, पहिल्यापासून सुरू.

या आठांतली निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी नीट टेकली नाही तरी एक लबाडी होते. गिगाबिट, म्हणजे हजार मेगाबिट वेगाला चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे बरीच यंत्रं तक्रार न करता मुकाट्याने शंभरावर उतरतात. नेट चालतं, पानं उघडतात, कुणाला काही कळत नाही. फक्त वीस जीबीचे फोटो एका संगणकावरून दुसऱ्यावर टाकताना तीनेक मिनिटांच्या जागी अर्धा तास लागतो. पोर्टवरच्या चिमुकल्या दिव्याचा रंग ही एवढीच चुगली. पण केबली जिथे जोडतात तो नेटवर्कचा स्विच कपाटामागे असतो, तिथे वाकून कोण बघतं?

बिनतारीच्या तक्रारी वेगळ्या. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब पोचते, भिंत ओलांडते, म्हणून तिथे सगळ्यांचीच गर्दी. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, आणि मायक्रोवेव्हसुद्धा त्याच पट्ट्यात घुमतो. स्वस्तातले प्लग आणि दिवे तर बहुतेक वेळा तेवढंच ऐकू शकतात. राउटरची दुसरी, पाच गिगाहर्ट्झची लहर त्यांच्या कानावरच पडत नाही. नवा दिवा ‘जोडला जात नाही’ अशी ओरड झाली की पहिल्यांदा हे तपासावं. पुढचा तासभर वाचतो.

पण खरी मौज आहे ती माध्यमांच्या यंत्रांत. एखादा जुना संगणक फेकून न देता त्यात मोठी हार्ड डिस्क घालावी, फोटो, गाणी, घरगुती चित्रफिती त्यावर ओताव्यात, तो कोपऱ्यात चालू ठेवावा आणि घरातल्या कुठल्याही पडद्यावर त्यातलं हवं ते बघावं: एवढं साधं स्वप्न. ते पुरं करायला निघालेल्यांची मोठी जमात आहे. कोडी हे सॉफ्टवेअर एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी हौशी मंडळींनी लिहिलं आणि २०१४ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. तशाच कामाचं जेलीफिन २०१८ मध्ये एका दुसऱ्या प्रकल्पापासून वेगळं होऊन उभं राहिलं. टीव्ही, संगणक, प्लेयर यांनी एकमेकांना ओळखावं म्हणून २००३ मध्ये कंपन्यांनी एकत्र येऊन डीएलएनए ही संघटना काढली. २०१७ मध्ये ती विसर्जित झाली, पण तिने शिकवलेली भाषा पुष्कळ टीव्हींना अजून येते. मोडकीतोडकी.

मोडकीतोडकी म्हणजे कशी, ते एखादी फाइल लावून पाहावं. चित्र दिसतं, आवाज नाही. कारण डीटीएस प्रकारचा ध्वनी वाचण्याची सोय पुष्कळ टीव्हींत ठेवलेलीच नसते. किंवा आवाज येतो आणि पडद्यावर ‘हा प्रकार चालत नाही’ एवढी सूचना. मग कोपऱ्यातल्या संगणकाला ती फाइल चालता चालता टीव्हीला पचेल अशा रूपात बदलावी लागते. त्याचा पंखा इतका घुमायला लागतो की सिनेमातल्या शांत प्रसंगातही वादळ आल्यासारखं वाटतं. सबटायटलं मराठी असतील तर आणखी एक परीक्षा. काही टीव्हींकडे देवनागरी अक्षरंच नसतात, मग ओळीच्या ओळी पोकळ चौकोनांच्या. काहींकडे अक्षरं असतात पण जोडता येत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर लोंबते, जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त उघडे पडतात. नायिका रडत असते आणि आपण शुद्धलेखन तपासत असतो.

आणि जुनं यंत्र नव्याशी बोलेनासं होतं, त्याला तर कधी कधी मोठा इतिहास असतो. फोल्डर शेअर करायची विंडोजमधली रीत मुळात १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली. पुढे ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने तारांवरून जाणारे संदेश न्याहाळून ती बोली उलगडली आणि तीच बोलणारं सांबा हे सॉफ्टवेअर लिहिलं. घरी ठेवायच्या साठवणुकीच्या कितीतरी खोक्यांत आजही तेच आहे. त्या बोलीच्या सर्वांत जुन्या रूपातल्या एका भगदाडातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. तेव्हापासून विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत ते जुनं रूप मुळातच बंद ठेवलेलं येतं. परिणाम असा की ज्या मीडिया प्लेयरला तेवढंच येत होतं, तो ठणठणीत असूनही त्याला नवा संगणक दिसत नाही. त्याच्यासाठी ते दार पुन्हा उघडा, असा सल्ला देणारे भेटतात. उघडू नये. प्लेयरला पेनड्राइव्ह लावावा आणि त्याच्या म्हातारपणाचा मान राखावा.

कोपऱ्यातला संगणक दिवसरात्र चालू ठेवायचा का, हा घरोघरचा वाद. सतत दहा वॅट खाणारं यंत्र वर्षाला सुमारे ८८ युनिट वीज घेतं, आणि जुना संगणक दहावर थोडाच भागवतो? त्याला झोपवून ठेवावा आणि हवा तेव्हा नेटवर्कवरूनच उठवावा, ही तोड मला फार आवडते. झोपलेल्या संगणकाचं फक्त नेटवर्क कार्ड एक कान उघडा ठेवून असतं. त्याला जो संदेश धाडतात त्यात आधी लक्ष वेधायला ठरावीक सहा बाइट, आणि मग त्या यंत्राची तीच बारा अक्षरी-आकडी ओळख लागोपाठ सोळा वेळा. बाकी मजकूर लागतच नाही. सोळा वेळा नाव घेतलं की डिस्क घरघरते आणि स्वारी उठते. पंधरा वेळा घेतलं तर कूस बदलत नाही. घरातल्या काही माणसांना हाच नियम लावून पाहावासा वाटतो.

हे सगळे तापट, हट्टी, पण घरचे. गेल्या काही वर्षांत यादीत जी नवी मंडळी आली आहेत, त्यांचं तसं नाही. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव साता समुद्रापलीकडच्या पोपटात असायचा. या स्मार्ट दिव्यांचं नेमकं तेच. दिवा माझ्या खोलीत, बटण माझ्या हातातल्या फोनवर, मधे दोन पावलांचं अंतर, आणि आज्ञा मात्र कुठल्या तरी दूरदेशीच्या सर्व्हरला विचारून येते. नेट गेलं की दिवा बहिरा. कंपनीने सर्व्हर बंद केला की कायमचा बहिरा. घरातल्या घरातच बोलता येईल अशी मॅटर नावाची रीत ऑक्टोबर २०२२ मध्ये आली खरी; दिवा घेताना खोक्यावर ती आहे का एवढं बघायला हरकत नाही.

शिवाय यांना बाहेर जायची वाट असते तशी बाहेरच्यांना आत यायचीही असू शकते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातकी सॉफ्टवेअरने कारखान्यातून आलेले साठेक ठरलेले पासवर्ड लावून बघत जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्या ऑक्टोबरात अशा गुलाम यंत्रांचा हल्ला डाइन या, संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या कंपनीवर झाला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अनेकांना काही तास उघडेनात. टीव्हीही साळसूद नाही. पडद्यावर काय चाललंय ते टिपून बाहेर कळवल्याबद्दल व्हिझिओ या कंपनीला २०१७ मध्ये अमेरिकेत २२ लाख डॉलर मोजावे लागले.

म्हणून मी आमच्या टीव्हीची वाट अर्धी बंद केली आहे. राउटरमध्ये त्याच्या नावापुढे तशी सोय मिळाली: घरात हवं त्याच्याशी बोल, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. कोपऱ्यातल्या संगणकावरचं सगळं त्याला दिसतं, बाहेरचं बघायला वेगळी काडी लावली आहे. ती काडीही चहाडखोर असणार, यात शंका नाही. पण दोघांपेक्षा एक बरी. टीव्हीला हे मानवलेलं नाही. सुरू केला की तो आधी ‘इंटरनेट जोडणी तपासा’ म्हणतो, मग नवी आवृत्ती शोधायला निघतो, हात हलवत परत येतो आणि पुन्हा तेच म्हणतो. सूचनेखाली दोनच बटणं आहेत: ‘आता तपासा’ आणि ‘नंतर आठवण करा’. ‘माहीत आहे’ असं बटण द्यायचं त्यांच्या डोक्यात आलेलं नाही.