शनिवार पेठेतलं तबकड्यांचं दुकान : आमची वाटचाल

बाबांनी १९७४ साली शनिवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. वाड्याच्या दर्शनी भागातली आठ बाय दहाची खोली, एक लाकडी टेबल आणि भिंतभर व्हॉल्व्हचे खोके. रेडिओबरोबर रेकॉर्ड प्लेअरही दुरुस्तीला यायचे. ऐंशीच्या दशकात कॅसेट आल्या आणि दुरुस्त झालेले प्लेअर न्यायला लोक येईनासे झाले. काहींनी वाजवून बघण्यासाठी सोबत दिलेल्या रेकॉर्डीही तशाच राहिल्या. बाबांनी त्यातली एकही वस्तू भंगारात घातली नाही. प्रत्येकीला नाव-पत्त्याची चिठ्ठी बांधलेली. "लोकांची ठेव आहे, मागायला येतील," एवढंच म्हणायचे.

२००६ मध्ये बाबा गेले. मी तेव्हा नोकरी करत होते आणि दुकान बंद करायचं असं घरात ठरलं होतं. आवरायला बसले तर माळ्यावर अकरा प्लेअर आणि तीनशेच्या आसपास रेकॉर्डी निघाल्या. चिठ्ठ्यांसकट. म्हटलं, आधी ही ठेव परत करू. दोन महिने स्कूटरवरून पेठा पालथ्या घातल्या. निम्म्या पत्त्यांवर वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या होत्या. जे सापडले त्यांचं उत्तर जवळपास एकच होतं : "आता तुम्हीच ठेवा. आणि आमच्या माळ्यावर आहेत त्याही घेऊन जा." नेऊन द्यायला गेले आणि दुप्पट घेऊन आले. आमचा धंदा असा सुरू झाला.

पहिल्या वर्षी केलेली एक चूक मला अजून टोचते. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एक तबकडी पुसली. कापूस काळाकुट्ट झाला. मला वाटलं, किती मळ निघतोय! तो मळ नव्हता, तबकडीच होती. या तबकड्यांच्या घडणीत लाख असते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार त्याचंच तर पॉलिश करतात. सुई ठेवली तेव्हा आवाजाच्या जागी नुसती खरखर. नाट्यपदांची तबकडी होती ती, पुन्हा कधी हाती लागली नाही. आता लाखेच्या तबकडीला डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ फडकं, तेही चरांच्या दिशेने फिरवायचं. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते, रेकॉर्ड घेवो न घेवो.

माल मिळवायला रविवारी आणि बुधवारी जुना बाजार. सकाळी लवकर गेलं तर बरं, ऊन चढलं की तिथे पसरलेल्या एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या रेकॉर्डी, वाकायला लागतात. तिथेच हळूहळू कळत गेलं की रेकॉर्डची किंमत कशावर ठरते. 'शोले'च्या संवादांची एलपी लोक मोठ्या अपेक्षेने घेऊन येतात. ती इतकी खपली की आजही ढिगाने मिळते. गीतरामायणाचंही तसंच. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि बाबूजींची ती ५६ गाणी घरोघर पोचली, नंतर तबकड्याही घरोघर आल्या. आपल्या लेखी तो संच अमोल आहे, पण बाजारात त्याला फार भाव नाही, कारण तो दुर्मिळ नाही. भाव येतो तो निघाली तेव्हा कोणी फारशी न घेतलेल्या रेकॉर्डला. पडलेले सिनेमे, छोट्या कंपन्यांची लेबलं, प्रयोग म्हणून काढलेले वाद्यसंगीत. किंवा फक्त आपल्याकडेच निघालेला माल. साठच्या दशकात युरोप-अमेरिकेत ७८ च्या तबकड्या बंद झाल्या होत्या, पण चावीचे ग्रामोफोन आपल्याकडे अजून वाजत होते, म्हणून कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बीटल्सची गाणीही ७८ वर निघाली. आज त्यांच्यासाठी जगभरचे संग्राहक धडपडतात.

२०१२ सालची गोष्ट. नारायण पेठेतल्या एक काकू रिक्षातून दोन पिशव्या घेऊन आल्या. वाडा पाडायला निघाला होता. गीतरामायणाचा संच त्यांनी साडीच्या जुन्या कापडात गुंडाळून आणला होता. दुसऱ्या पिशवीत बाकीचं, "हे दिराने कधी तरी आणलेलं, असंच घ्या." त्या 'असंच'मध्ये चरणजित सिंग यांची एलपी होती. हे मुंबईचे वादक, हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे. १९८२ मध्ये त्यांनी सिंथेसायझर आणि तालयंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड फारशी चालली नाही. पुढे शिकागोत अ‍ॅसिड हाऊस नावाचं नृत्यसंगीत निघालं, आणि बऱ्याच वर्षांनी लोकांच्या लक्षात आलं की अगदी तसा नाद मुंबईत आधीच वाजून गेलाय. २०१० मध्ये परदेशात ती नव्याने निघाली आणि मूळ प्रतीचा शोध सुरू झाला.

मी एलपी बाहेर काढली. कव्हरचा कोपरा किंचित दुमडलेला, बाकी सुईचा ओरखडासुद्धा नाही. काकू सगळ्याचे मिळून पंधराशे मागत होत्या. खरं सांगते, क्षणभर मी गप्प राहिले. दुकानाचं भाडं दोन महिने थकलं होतं. मग माळ्यावरच्या चिठ्ठ्या आठवल्या, आणि त्यांना बसवून सगळं सांगितलं. ती एलपी विकत घेतली नाही, त्यांच्या वतीने विकायला ठेवून घेतली. तीन महिन्यांनी एका परदेशी संग्राहकाने पाच आकडी रक्कम देऊन नेली. आमचा हिस्सा एक तृतीयांश. काकूंनी गीतरामायणाचा संच परत घरी नेला आणि त्यासाठी आमच्याकडूनच एक प्लेअर दुरुस्त करून घेतला.

तेव्हापासून दुकानाचा हाच नियम आहे. विकायला आलेल्या माणसाला आधी खरा भाव सांगायचा. सुरुवातीला यात तोटा होतोय असं वाटायचं. पण काकूंनी सांगितलेल्या घरांतूनच पुढची चार-पाच वर्षं आम्हाला माल येत राहिला. आता मुलगा फोटो काढून परगावच्या गिऱ्हाइकांना पाठवतो. पॅकिंग मात्र मीच करते : ७८ असेल तर दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा, आणि खोक्यात हलायला जराही जागा ठेवायची नाही.

पंचविशीतली मुलंही हल्ली येतात. त्यांना मी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकवते. खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवलं. त्यांची तबकडी गदगला एका दुकानात वाजत असताना लहानग्या भीमसेनच्या कानावर पडली, आणि १९३३ मध्ये अकरा वर्षांचा तो मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. तीन-साडेतीन मिनिटांची एक बाजू. मुलं मोबाइल खिशात ठेवून ती उभ्याने ऐकतात, आणि संपल्यावर पुन्हा लावायला सांगतात.

त्या अकरा प्लेअरपैकी एक अजून टेबलामागे आहे. चिठ्ठीवरची शाई फुटल्यामुळे नाव लागत नाही, भोर एवढंच वाचता येतं. दर दिवाळीआधी त्याला तेल घालते, सुई तपासते, एक बाजू पूर्ण वाजवते आणि परत झाकून ठेवते. भोरकडचं कोणी दुकानात आलं की आधी चिठ्ठी दाखवते.