कानाचं मशीन : शॉट चार पूर्ण

बाहुल्याला थोडं थोडं हलवत एकेक फोटो काढून मी ही स्टॉप-मोशन फिल्म करतोय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी गोष्ट थोडक्यात. वडील गेल्यावर पन्नाशीतला मुलगा त्यांचं कपाट आवरतोय. खणात त्यांचं कानाचं मशीन सापडतं. तो ते मुठीत धरतो आणि मशीन शिट्टी मारू लागतं. संवाद नाहीत, निवेदन नाही.

शिट्टीचं कारण साधं आहे: स्पीकरचा आवाज मुठीवर आपटून परत माइकमध्ये शिरतो. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती बॅटरी. या मशीनचा झिंक-एअर सेल हवेवर चालतो, स्टिकर काढून बसवला की आठ-पंधरा दिवसांत संपतो. म्हणजे शिट्टी वाजतेय तर माणूस जाऊन फार दिवस झालेले नाहीत. भिंतीवर कॅलेंडर दाखवायची गरज नाही. ज्यांच्या घरी असं मशीन आहे त्यांना कळेल, बाकीच्यांना नाही कळलं तरी चालेल.

या शॉटसाठी बाहुल्याला बदलून लावायच्या तोंडांचा आख्खा संच बाजूला ठेवला. पापण्या ठेवल्या, बाकी चेहरा स्थिर. धाडस माझं नाही. चेक बाहुलीपटकार यिर्झी त्रन्काच्या १९६५च्या ‘रुका’मधल्या बाहुल्याचा चेहरा शेवटपर्यंत बदलत नाही, तरी त्याची भीती आपल्याला दिसते, कारण ती मान, अंतर आणि उजेडात आहे. ‘अनोमलिसा’ या बाहुलीपटाचे लोक (२०१५) उलट बाजूने गेले. थ्रीडी प्रिंट केलेले चेहरे दर फ्रेमला बदलले आणि कपाळ नि गालांमधली फट मुद्दाम पुसली नाही. ‘मादाम तुतली-पुतली’ या छोट्या बाहुलीपटात (२००७) तर बाहुलीला खऱ्या माणसाचे डोळे बसवलेत. थक्क व्हायला होतं, पण मी डोळ्यांकडेच बघत राहतो, बाई बाजूलाच राहते.

तर चेहरा नाही, मग काय? श्वास. छाती स्पंजची केलीय, पाठीतून पुठ्ठ्याची पाचर आत-बाहेर सरकवतो. शांत बसलेल्या माणसाचा एक श्वास साधारण चार सेकंदांचा. मी सेकंदाला चोवीस फ्रेमवर टूजने शूट करतो, म्हणजे एक फोटो दोन फ्रेम टिकतो; सेकंदाला बारा फोटो, एका श्वासाला अठ्ठेचाळीस. पाचर दर फोटोला सारखी सरकवली तर छाती पंपासारखी चालते. वर पोचताना आणि खाली टेकताना पावलं बारीक करावी लागतात.

शिट्टी सुरू होते तिथे श्वास थांबतो. हा थांबा सगळ्यात अवघड. एकच फोटो लांबवला की प्रेक्षकाला लगेच वाटतं, व्हिडिओ अडकला. म्हणून बाहुला जागचा हलत नसतानाही प्रत्येक फोटो वेगळाच काढला आणि मध्ये मध्ये शर्टाच्या कापडाला चिमट्याने नुसता स्पर्श केला. माणूस थांबलाय, वेळ चालू आहे, एवढं त्यातून पोचतं. मग श्वास सुटतो तो घेतलेल्यापेक्षा दुप्पट वेळ घेत, खांदे छातीच्या थोडे मागून खाली येतात. माझ्या मते रडू यायचं तर इथेच येईल. डोळ्यांत ग्लिसरिनचे थेंब घालायचा सल्ला मिळाला होता. घातले असते तर सगळं काम थेंबांनीच खाल्लं असतं.

आवाज आधी रेकॉर्ड केला, खऱ्या मशीनचा. बोटं उघडली-मिटली की शिट्टी वर-खाली जाते. ड्रॅगनफ्रेम या स्टॉप-मोशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती ट्रॅकवर टाकून कुठल्या फ्रेमला कुठलं बोट ते एक्सशीटवर, म्हणजे फ्रेमवार तक्त्यावर, लिहून घेतलं. ऐकायला कंटाळवाणं काम, पण त्यामुळेच शिट्टी मुठीतून आल्यासारखी वाटते, वरून चिकटवलेली वाटत नाही.

उजेडाबद्दल नवीन काही नाही. फोटोगणिक उजेड बदलू नये म्हणून खिडकीला काळं कापड, मॅन्युअल लेन्स, माझ्या अंगात काळा शर्ट.

आता शॉट पाच. तो मशीन स्वतःच्या कानाला लावून बघतो. अडचण हाताची: तारेवर लॅटेक्स चढवलेली बोटं पेरांवर तडकायला लागली आहेत, आणि या शॉटमध्ये हात थेट कॅमेऱ्यासमोर येतो. सिलिकॉनमध्ये ओतायचा विचार आहे, पण त्यावर रंग टिकत नाही असं दोघा-तिघांकडून ऐकलं. सिलिकॉनमध्येच रंग मिसळून कुणी इतके छोटे हात ओतले असतील तर तार आत कशी मधोमध धरली, तेवढं सांगा.