बोलण्याआधी डोक्यातला गुंता सोडवा

ऑफिसात कम्युनिकेशन सुधारायचं म्हटलं की लोक आधी बोलण्याचा क्लास शोधतात, पण खरी गडबड बहुतेक वेळा विचारात असते, डोक्यातच गुंता असेल तर तोंडातून सरळ काय येणार? म्हणून टोयोटाचे इंजिनीअर ताइची ओनो यांनी सांगितलेली पाच वेळा 'का' विचारायची पद्धत मला फार आवडते. त्यांचंच उदाहरण बघा. मशीन बंद पडलं, का? तर लोड वाढून फ्यूज उडाला. लोड का वाढला? बेअरिंगला पुरेसं तेल मिळत नव्हतं. का? पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, झिजलेला. आणि तो का झिजला, तर पंपाला गाळणीची जाळीच बसवलेली नव्हती म्हणून धातूचा कीस आत जात होता! नुसता फ्यूज बदलला असता तर थोड्या दिवसांनी परत तेच.

आता हेच साहेबांना सांगताना मात्र क्रम उलटा करायचा, आधी "जाळी बसवायला लागेल, नाहीतर मशीन परत बंद पडेल", मग कारण, बाकीचं विचारलं तर. आपण सकाळपासूनची सगळी कथा सांगत बसतो आणि मुद्दा येईपर्यंत समोरचा मोबाईल बघायला लागलेला असतो.

आणि लिहा हो, खरंच लिहा. अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोसने २००४ साली वरिष्ठांच्या मीटिंगमधलं पॉवरपॉइंट बंद करून पूर्ण वाक्यांतले मेमो आणले, ते मला अगदी पटतं, कारण बुलेट पॉइंटमध्ये अर्धवट विचार खपून जातो, पण पूर्ण वाक्यात 'म्हणून' लिहिलं की त्याच्या आधीचं आणि नंतरचं जुळतंय का ते लगेच दिसतं.