आमची वाटचाल : जुन्या पिकअपच्या पुढच्या सस्पेंशनचे काम

नागपूरच्या हिंगणा रोडवरील आमच्या वर्कशॉपमध्ये इंजिनाचे काम होत नाही, क्लचचे होत नाही आणि डेंटिंग-पेंटिंगही होत नाही. येथे केवळ पिकअप व लहान मालवाहू गाड्यांचे पुढचे सस्पेंशन आणि स्टीअरिंग यांचेच काम होते, आणि त्यातही बहुतेक गाड्या आठ-दहा वर्षे माल वाहून झालेल्या असतात. एवढ्याशा कामावर एक वर्कशॉप चालेल, असे सुरुवातीला आमच्या घरच्यांनाही वाटले नव्हते.

आरंभ व्हील अलाइनमेंटपासून, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या कामापासून झाला. एमआयडीसीतील कारखान्यांना माल पोहोचवणाऱ्या गाड्या, कळमना बाजारात भाजीपाला आणणाऱ्या गाड्या आणि हंगामात काटोल-नरखेडकडून संत्री भरून येणाऱ्या गाड्या हे आमचे पहिले ग्राहक होते. ‘भाऊ, गाडी एका अंगाला ओढून राहिली,’ अशी तक्रार घेऊन मालक येत, मशीनवर टो (वरून पाहता चाक किती आत-बाहेर वळले आहे) आणि कॅम्बर (पुढून पाहता ते किती कलले आहे) यांचे आकडे बरोबर करून आम्ही गाडी देत असू, आणि थोड्याच दिवसांत त्याच गाडीचे टायर पुन्हा आतल्या कडेने खाल्लेले दिसत. दोष मशीनचा नव्हता. बॉल जॉइंट (चाकाची बाजू आर्मशी जोडणारा गोळ्याचा सांधा) आणि आर्मचे, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या दांड्याचे, बुश (सांध्यातील रबरी अस्तर) झिजलेल्या गाडीत चाकाचा कोन उभ्या गाडीत एक असतो आणि ब्रेक दाबताच किंवा खड्ड्यात चाक जाताच दुसरा होतो, त्यामुळे उभ्या गाडीवर बसवलेल्या आकड्यांना रस्त्यावर काही अर्थ उरत नाही. म्हणून प्ले, म्हणजे सांध्यांतील ढिलेपणा, तपासल्याशिवाय अलाइनमेंट करायचे नाही, असा नियम आम्ही केला. या नियमामुळे अनेक ग्राहक शेजारच्या दुकानात गेले; जे राहिले, त्यांच्यामुळेच आजचे काम उभे राहिले.

आपल्या भागात पुढचा भाग लवकर का जातो, याची कारणे डोळ्यांसमोर आहेत. विदर्भातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता वरून चांगला दिसला तरी लाटांसारखा होतो आणि भरलेली गाडी त्यावर सतत वरखाली होत राहते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा जुने रबर कडक होऊन तडकते. बॉल जॉइंटवरचे रबरी बूट एकदा फाटले की आतले ग्रीस बाहेर येते, धूळ आत जाते, पहिल्या पावसात पाणीही जाते, आणि मग पोलादी गोळा आपलेच घर घासू लागतो. बाकी राहते ते ओव्हरलोडिंग, त्याबद्दल मालकांना आम्ही काही सांगावे असे नाही.

तपासणीसाठी आम्ही मोठी यंत्रे वापरत नाही, मात्र जॅक कोठे लावायचा याविषयी फार काटेकोर असतो. ज्या गाडीत स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा (पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी सळईचा) भार खालच्या आर्मवर असतो, तेथे जॅक चेसिसला लावला तर तो भार बॉल जॉइंटवर तसाच राहतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट भासतो. जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावून चाक अधांतरी केले आणि टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून उचलले की खरा प्ले दिसतो. वर-खाली धरून हलवल्यावर प्ले जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावर जाणवला तर बहुधा टाय रॉड एंड (स्टीअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा सांधा). बॉल जॉइंट की बेअरिंग हा घोळ सोडवण्यासाठी हेल्परला ब्रेक दाबून धरायला सांगतो. प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. हे सारे मालकाला खाली वाकवून, हात लावून पाहायला लावतो. हातात खडखड जाणवल्यावर पैशांची घासाघीस निम्मी होते.

दोन्ही बाजूंचे भाग एकाच वेळी बदलावेत, हा आमचा आग्रह काहींना धंदेवाईक वाटतो. डावा आणि उजवा जॉइंट सारखेच किलोमीटर आणि सारखाच माल वाहून आलेले असतात. एक नवा आणि एक जुना अशा अवस्थेत केलेले अलाइनमेंट जुना जॉइंट ठरवील तितकेच दिवस टिकते, शिवाय मजुरी दोनदा जाते. टायर शाबूत असेल आणि प्ले एकाच बाजूला असेल तर मात्र आम्ही एकच बाजू करून देतो.

बुशच्या कामात आमचे खरे कसब आहे, आणि बाहेर सर्वांत जास्त बिघडलेले कामही आम्हाला येथेच दिसते. रबरी बुशची आतली नळी बोल्ट आवळल्यावर कंसात घट्ट धरली जाते आणि आर्म वरखाली होताना मधले रबर पिळले जाते. गाडी जॅकवर असताना, म्हणजे आर्म खाली लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबराला पीळ बसतो आणि चाक जागेवर उभे असतानाही तो सुटत नाही. असे बुश काही महिन्यांत फाटते आणि दोष दिला जातो सुट्या भागाला. म्हणून आमच्याकडे बोल्ट आधी फक्त अडकवून ठेवतात, गाडी चाकांवर उतरवून पुढून दोन-चार वेळा दाबून बसू देतात, आणि त्यानंतर गाडीखालच्या कामाच्या खड्ड्यात उतरून टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळतात. जुने बुश गॅसच्या ज्योतीने जाळून काढण्याची पद्धत आम्ही पूर्णपणे बंद केली आहे. हायड्रॉलिक प्रेस घेतले ते मुख्यतः यासाठीच.

टॉर्शन बारच्या गाडीत बार सैल करण्यापूर्वी समायोजन बोल्टची उंची मोजून लिहितो आणि डावा-उजवा बार खूण करून वेगळे ठेवतो. कॉइल स्प्रिंग दाबून बांधल्याशिवाय कोणालाही आर्म सोडू देत नाही. कॅसल नटच्या खाचा स्प्लिट पिनच्या छिद्राशी जुळल्या नाहीत तर नट पुढे आवळायचा, मागे सैल करायचा नाही. वरच्या आर्मखालच्या शिम (चाकाचा कोन ठरवणाऱ्या पातळ पट्ट्या) जशा निघाल्या तशाच परत जातात.

कामाचा ओघ वाढला तो २०२० नंतर. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराचे कडक निकष लागू झाले, नव्या गाड्या महागल्या, आणि जुनी गाडी दुरुस्त करून चालवण्याचा हिशेब पुष्कळांना पटला. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस, म्हणजे सरकारी योग्यता तपासणी, करावे लागते, त्यामुळे तारीख जवळ आली की गर्दी होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. पूर्वी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. तरीही पक्के बिल नको म्हणणारे ग्राहक आहेत. त्यांना आम्ही सांगतो की खोक्यावरचा पार्ट नंबर आणि बिल हेच नकली बॉल जॉइंटपासूनचे संरक्षण आहे, कारण रंग आणि पॅकिंग पाहून आता आम्हालाही खरे-खोटे ओळखता येईलच असे नाही.

काम झालेली गाडी माल भरून सुमारे हजार किलोमीटर चालल्यावर परत आणण्यास आम्ही सांगतो. तेव्हा आर्मचे बोल्ट आणि टो पुन्हा पाहतो, ग्रीस निपल असतील तेथे ग्रीस भरतो, आणि याचे पैसे घेत नाही. संत्र्याच्या हंगामात मात्र कोणी येत नाही. त्या गाड्यांच्या मालकांना आम्ही हंगाम उतरल्यावर फोन करतो.