फाटक्या कानाचा मेरू

रात्रीचे 2 वाजून 47 मिनिटे. पडद्यावर आधी फक्त ओहोळाचा काठ आणि करमळीचे खोड. मग डावीकडून एक खूर पुढे येतो आणि जमिनीला टेकायच्या आधीच थांबतो. तसाच, हवेत, चार सेकंद. नंतर मान येते, मानेवरचे राठ केस येतात आणि सगळ्यात शेवटी शिंगे. उजवा कान टोकापासून मध्यापर्यंत चिरलेला. पंधरा सेकंदांची चित्रफीत संपते तेव्हा त्याने अजून पाण्याला तोंडही लावलेले नसते. त्या कानासाठी मी चौदा महिने थांबलो होतो.

सांबराला आमच्याकडे, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, मेरू म्हणतात. आमचे कुळागर, म्हणजे पोफळी-केळींची बाग, डोंगराच्या पायथ्याला आहे. वरच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, आमचीच थोडी काजूची बाग, त्यापुढे रान, आणि मग म्हादई अभयारण्याची हद्द. 1999 साली अभयारण्य जाहीर झाले तेव्हा 208 चौरस किलोमीटर हा आकडा मला केवढा मोठा वाटला होता! मेरूला ती हद्द ठाऊक नाही. कोवळ्या केळींसाठी तो गडगा ओलांडून येतो आणि उजाडायच्या आत परत जातो. सकाळी दिसतात ते फक्त खूर, लेंड्या आणि खरवडलेली झाडे.

कुळागराला पाणी लावणारा आमचा गडी ते खूर पाहून म्हणाला होता, "तो जाण्टो. तो तुका दिसचो ना." म्हणजे, म्हातारा आहे, तो तुला दिसायचा नाही.

थोरले काका तरुणपणी पारधीला जात. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे त्यांनी बंदूक कायमची ठेवून दिली, पण वाट वाचायची नजर गेली नाही. आज ऐंशीला टेकलेत, तरी माझ्याबरोबर गडग्यापर्यंत आले आणि हाताने दाखवत गेले: इथून माद्या जातात, पिल्ले घेऊन, उघड्यावरून. म्हातारा नर या वाटेने येणार नाही. तो खालून, ओहोळाच्या कडेने, वारा नाकावर घेत येईल. एका किंदळीच्या खोडाची साल छातीएवढ्या उंचीवर सोललेली होती. काकांनी तिथे तळवा टेकला, वास घेतला आणि म्हणाले, "शिंगे घासलीत. हा मोठा आहे."

जनावर समोर आले की आपोआप टिपणारा कॅमेरा मी कुठे लावला? माद्यांच्या वाटेवर. ती रुंद होती, बांधायला झाड सोयीचे होते. पहिल्या महिन्यात मेमरी कार्डवर चारशेच्या वर फोटो, त्यातले तीनशे हलणाऱ्या पानांचे. या कॅमेऱ्याला दिसते ती हलती उष्णता. दुपारी तापलेले पान वाऱ्याने डोलले की त्याला वाटते जनावरच आले. समोरची झुडपे छाटली, कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेकडे फिरवले, तेव्हा ते थांबले.

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात करता येते. तिथले शिकारी पाच-सहा वर्षांच्या मुरलेल्या नरामागे महिनोन्महिने असे कॅमेरे लावतात. त्यांचे व्हिडिओ मी रात्ररात्र पाहिले. मला शिकार करायची नव्हती आणि इथे ती करताही येत नाही, पण लपणारे जनावर कसे शोधायचे हे त्यांच्याइतके बारकाईने क्वचितच कोणी सांगते. त्यांचे म्हणणे एकच: म्हातारा नर कॅमेऱ्याला घाबरतो तो तुमच्यामुळे. तुम्ही किती वेळा तिथे जाता, कुठल्या वाटेने जाता, काय वास सोडून येता.

मी दर शनिवारी जात होतो.

नोव्हेंबरात तो पहिल्यांदा आला आणि माझीच चूक मला दाखवून गेला. त्या कॅमेऱ्याचे रात्रीचे अवरक्त दिवे 850 नॅनोमीटर तरंगलांबीचे, अंधारात त्यांचा मंद लाल ठिपका दिसतो. चित्रफितीत तो थेट भिंगाकडे पाहतो, कान ताठ, शेपटी उभी, पुढचा पाय एकदा जोरात आपटतो आणि वळतो. त्यानंतर पाच आठवडे तिथे माद्याही आल्या नाहीत.

दुसरा कॅमेरा 940 नॅनोमीटरचा घेतला. चित्र थोडे काळपट, दाणेदार येते, उजेड लांबवर पोचत नाही, पण ठिपका दिसत नाही. तो नजरेच्या उंचीवर न लावता अडीच मीटर वर बांधला, मागे लाकडाची पाचर ठोकून तोंड खाली केले. वाटेला आडवा धरला तर जनावर चौकटीतून निघून जाते, सरळ धरला तर ते अंगावर येते आणि उष्णता उशिरा टिपली जाते. म्हणून तिरका. आत ओल शोषणारी पुडी, कडांना लाल मुंग्या शिरू नयेत म्हणून पट्टी. आणि जाणे सहा आठवड्यांतून एकदा, भर दुपारी, ओहोळाच्या पाण्यातून चालत. शनिवार आला की पाय ओढ घेत. घरीच बसायचो.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, ती लिहायलाच हवी. एका देखण्या तरुण नराचा फोटो मी ओळखीच्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला. जागेचे नाव लिहिले नव्हते. पण मागे राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची, घुमटी दिसत होती आणि आमच्या भागातल्या माणसाला तेवढे पुरते. नवव्या दिवशी त्याच वाटेवर, कुंभ्याच्या बुंध्याला बांधलेली फासकी सापडली. मोटारसायकलच्या क्लचची तार, मानेच्या उंचीवर, गाठ सफाईदार. मी ती सोडवली तेव्हा हात थरथरत होते. वनरक्षकांच्या हाती दिली, फोटो काढून टाकला, पण जो गेला तो गेला. तो नर पुन्हा कॅमेऱ्यात आला नाही. दुसरीकडे गेला असेल, असे मी स्वतःला सांगतो.

अ‍ॅरिझोनाने 1 जानेवारी 2022 पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायला बंदी घातली. कोरड्या मुलखात पाणवठे मोजके, जनावराला तिथे यावेच लागते. त्या बंदीचे कारण मला ती तार हातात असताना कळले. जनावर कधी, कुठून येते हे कळणे म्हणजेच अर्धी शिकार. म्हणून या लेखात गावाचे नाव नाही आणि सोबत फोटोही नाही. विचारू नका. अभयारण्याच्या आत तर वनखात्याच्या परवानगीशिवाय कॅमेरा लावताच येत नाही, माझे दोन्ही गडग्याच्या अलीकडे, आमच्याच जमिनीत आहेत.

फाटक्या कानाचा मात्र त्यानंतर येत राहिला. शिंगे दर वर्षी गळतात, नवी येतात, त्यांच्यावरून ओळख पटवणे धोक्याचे. कान तोच राहतो. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात तो तीनदा आला, प्रत्येक वेळी माद्या गेल्यावर दीड-दोन तासांनी, काका म्हणाले होते तसा ओहोळाच्या कडेने. मोबाइलवर काकांना दाखवले. त्यांनी चष्मा काढून पडदा डोळ्यांजवळ धरला, तो हवेत थांबलेला खूर पुन्हा पुन्हा लावायला सांगितला, आणि बराच वेळ बोललेच नाहीत.

मार्चच्या शेवटी चित्रफितीत त्याला एकच शिंग होते. दुसरे मला करमळीखाली पाचोळ्यात सापडले. मनगटापेक्षा जाड, तीन टोके, बुडाशी खडबडीत. उचलावेसे खूप वाटले. पण गळलेले शिंगही घरी नेणे कायद्यात बसत नाही, आणि ते माझे नव्हतेच. दुसरा कॅमेरा तिथे खाली बांधून आलो.

मेमध्ये कार्ड काढले. अकरा रात्री ओळीने साळिंदर येते आणि दोन्ही पंजांत धरून ते शिंग कुरतडते. आवाज स्पष्ट येतो, करवतीसारखा.